जर्मनच्या पत्र्याचे पाय

तीर्थरूप दादा,

तुम्ही गेलात त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं. पहिले काही महिने मी तुमच्याशी रोज बोलायची, मनातल्या मनात. हातमशीनवर झंपर शिवताना, दोरा तुटला की, भाजी निवडताना. मग मायच्या तोंडून एक गोष्ट कळली आणि मी तुमच्याशी बोलणं टाकलं. गेलेल्या माणसावर कुणी रुसतं का? मी रुसले. परवा मुक्ताबाई नावाची एक अनोळखी बाई आपल्या दारात आली, आणि तिच्यापायी मला हा अबोला सोडावा लागतोय.

अक्षर मोठं काढतेय. तुमची शाळा निजामाच्या अमलातली, उर्दूतली. मराठी तुम्ही माझ्याबरोबर माझ्याच पाटीवर शिकलात. ओळीखाली बोट ठेवून वाचायचात आणि जोडाक्षर आलं की थांबून माझ्याकडं बघायचात. या पत्रात होईल तितकी जोडाक्षरं टाळायची असं ठरवून बसले होते, पण ते काही जमत नाही.

यातलं बरंचसं तुम्हाला माहीतच आहे. तरी सगळं लिहिणार आहे. कारण ते माझ्या बाजूनं कसं दिसत होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि तुम्हीही कधी विचारलं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन दोनतीन वर्षं झाली असतील, मी चार वर्षांची होते. ताप आला, उतरला, आणि मला उठवून उभं करायला गेलात तर पाय खाली नुसते लोंबले. तापाचं मला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी तुमच्या कडेवर आहे आणि तुम्ही एकेक पाय हातात धरून हलवून बघताय, गाडीचं चाक आसावर नीट बसलंय का हे बघावं तसं.

गावातलं सगळं करून झालं. अंगारे झाले, तेल चोळून झालं, माय तुळजापूरच्या देवीला नवस बोलली. मग तुम्ही दोघं मला घेऊन सोलापूरला निघालात. लोहाऱ्याहून नळदुर्गापर्यंत बैलगाडी आणि पुढं मोटार. दवाखान्यात मला बाहेर बाकड्यावर बसवून तुम्ही आणि माय डॉक्टरच्या खोलीत गेलात. बाहेर आलात तेव्हा तुम्ही मोठ्यानं हसत होता. मला रेवड्या घेऊन दिल्यात, एवढ्या की ओच्यात मावेनात. माय पदर तोंडाला लावून मागं मागं चालत होती. मला वाटलं, सगळं चांगलंच निघालंय, आणि मायला सोलापूरच्या गर्दीची भीती वाटतेय.

त्या दवाखान्यात चालता न येणाऱ्या पोरांसाठी लोखंडी पट्ट्या मिळायच्या. मांडीपासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंड, आणि मधे चामड्याचे पट्टे. मला त्या बांधून बघितल्या. उभं राहायचं लांबच, बांधल्यावर मला कुशीवरसुद्धा वळता येईना. तुम्ही एक पट्टी हातात तोलून बघितलीत आणि खाली ठेवलीत.

मावशीचे यजमान तेव्हा सोलापुरात मोटारींच्या बॉड्या बांधायच्या एका कारखान्यात कामाला होते. आतला सांगाडा सागवानाचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा, आपण जर्मन म्हणतो त्याचा, पत्रा ठोकायचा, असं ते काम. आम्ही दोन दिवस त्यांच्याकडंच उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याबरोबर कारखाना बघायला गेलात आणि येताना एका फुटक्या मोटारीचा उचकटून टाकलेला पत्रा खांद्यावर घालून आलात. चांगला सूतभर जाड होता तरी तुम्ही तो एका हातानं माझ्यासमोर धरलात.

“हे बघ कौसा, जर्मल. आपल्या दुधाच्या पातेल्याचं. पापडावानी हलकं हाय. ह्याचे पाय करू तुला.”

माझा विश्वास बसला. का नाही बसणार? गावातल्या निम्म्या गाड्या तुमच्या हातच्या. तुम्ही केलेलं चाक कधी निखळलेलं कुणी बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर पहिली अडचण कापण्याची निघाली. पत्र्याचे डबे करणाऱ्याची कातर त्या जाड पत्र्याला चावेना. लोहाराकडं छन्नीनं तोडून बघितला तर कड वेडीवाकडी होऊन सगळी पट्टी पिळून निघाली. लोखंड कापायची छोटी करवत तुम्ही कुणाकडून तरी मागून आणलीत, पण तिच्या वरचा वाकडा दांडा पत्र्याच्या काठालाच अडायचा, आत लांब काप घेता यायचा नाही. मग एके दिवशी सकाळी तुम्ही आपली लाकडाचीच करवत उचललीत. मायनं विचारलं, ती करवत गेली तर गाड्या कशानं करणार? तुम्ही पत्र्यावर रेघ मारायला घेतलीत.

तो पहिला आवाज मला अजून आठवतो. पत्रा असा किंचाळला की शेजारची म्हैस दावं तोडून रस्त्यावर गेली. करवतीनं एकदम पत्रा धरला, तो उसळला, करवतीचा एक दाता मोडून पडला आणि तुमच्या मनगटाला लांब चीर गेली. मोठ्या दातांच्या करवतीचं ते काम नाही, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी बारीक दातांची घेतलीत. ती थोडी चालली आणि मग अडकली, कारण जर्मन लोखंडासारखं भुगा होऊन गळत नाही, मऊ होऊन दातांत चिकटून बसतं. तुम्ही खिळा घेऊन एकेक फट टोकरत बसायचात आणि पुन्हा चार हात ओढलेत की पुन्हा तेच.

हळूहळू तुम्ही त्याचं वळण शिकलात. पत्रा दोन फळ्यांच्या मधे घालायचा, खालून वरून, म्हणजे थरथरत नाही आणि किंचाळतही नाही. वरच्या फळीवर खडूनं रेघ मारायची आणि फळ्यांसकट सगळं कापायचं. करवतीच्या पात्याला कपड्याचा साबण चोळायचा, म्हणजे जर्मन दातांत बसत नाही. घाई करायची नाही, रेटायचं नाही, करवतीच्या वजनानं जेवढं कापेल तेवढंच कापू द्यायचं. एक पट्टी कापली की करवतीला पुन्हा कानस लावून धार करायची.

फळ्या हलू नयेत म्हणून त्यांच्यावर वजन लागायचं. पहिल्यांदा तुम्ही दगड ठेवलात, मग माझ्याकडं बघून म्हणालात, तू बस. तेवढं एक काम मला येत होतं, दादा, बसायचं. मी फळीवर बसायची आणि तुम्ही माझ्याकडं तोंड करून कापत यायचात. खाली चांदीसारखा चुरा पडायचा. तो आपल्या सगळ्यांच्या पायात रुतायचा. माय दिवसातून तीनदा झाडायची आणि तरी भाकरी थापताना परातीत चकाकायचा.

त्या दिवसांत मी सुखात होते, हे तुम्हाला ठाऊक होतं का? आळीतली पोरं खेळायची तिकडं मला जावंसंही वाटायचं नाही. माझ्याशिवाय माझ्या बापाचं काम अडतं, असं मला वाटायचं.

एक दिवस मात्र असा आला की त्याच्याविषयी आपण नंतर कधी बोललो नाही. मी सहासात वर्षांची असेन. फळीवर बसले होते, पाय खाली सोडलेले. तुम्ही लांब काप घेत होता. करवतीची थरथर फळीतून माझ्या मांड्यांत आली, गुडघ्यांत आली, पार खालपर्यंत गेली. मी वाकून बघितलं तर उजव्या पायाचा अंगठा हलत होता.

“दादा, माझा पाय हलतोय.”

तुम्ही करवत थांबवलीत. अंगठा थांबला. तुम्ही पुन्हा ओढलीत, तो पुन्हा हलला. थांबलात, थांबला. मी टाळ्या पिटत होते. तुम्ही तोंड फिरवून बसलात आणि खिळ्यानं करवतीचे दात साफ करायला लागलात. त्या दातांत काही अडकलेलं नव्हतं. ते मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागण्याचं माझं वय नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्यामागं लागायची, दादा कापा ना. आणि तुम्ही कापायचात! काम नसताना टाकाऊ फळकुटं घेऊन, मला वर बसवून. करवतीनं पाय जागा होतो असं मला वाटत होतं आणि तुम्ही मला तसं वाटू दिलंत.

पहिला जोड झाला. जोडे शिवणाऱ्या लिंबाजीकाकांनी चामड्याचे पट्टे शिवून दिले, निंबाच्या लाकडाच्या कुबड्या तुम्ही केल्यात. मला बांधून, काखेत हात घालून तुम्ही उभं केलंत आणि हळूच सोडलंत. गुडघ्यापाशी पट्टी वाकली, शांतपणे, आवाजसुद्धा न करता, आणि मी खाली बसले. लोखंड जड आणि जर्मन मऊ, मधलं काही नव्हतंच. दुसऱ्या जोडाला तुम्ही कडा दुमडून पन्हाळीसारखं केलंत, तर दुमडलेल्या जागी चीर गेली. तिसरा दोन पदरी केलात, मधे रिबिटांचे खिळे ठोकून.

तिसऱ्या जोडावर मी उभी राहिले.

तुमच्या सुतारकीच्या खोलीच्या दाराशी, दोन्ही हातांनी चौकट धरून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण रस्त्यावरून एक गाडी पूर्ण निघून गेली एवढा वेळ. उभ्यानं जग कसं दिसतं ते मी तेव्हा बघितलं. शेजारच्या भिंतीवरून पलीकडचं अंगण दिसत होतं, तिथं लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. रोज त्या मिरच्यांचा ठसका मला यायचा, पण त्या कुठं वाळतात ते माहीत नव्हतं. तुम्ही समोर रस्त्यात उकिडवे बसला होता, हात पुढं करून, लहान लेकराला बोलवावं तसे. मी एक पाऊल टाकायला गेले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं.

ते हाड जुळेपर्यंत मी खाटेवर होते आणि त्यात गुडघे आखडून बसले. पुढं ते कधी सरळ झाले नाहीत. माय तेव्हा तुम्हाला एकदाच बोलली, माझ्यासमोर.

“बास करा आता. किती दिवस पोरीला झुलवताव?”

मला मायचा एवढा राग आला होता की मी दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही. मला वाटायचं, हिला माझी लाज वाटते. मी चालावं असं हिला वाटतच नाही. दादा, इतकी वर्षं मी मायला मनातून वाईट ठरवत होते आणि तुम्ही ते बघत होता.

तरी शाळा तुम्ही सोडू दिली नाहीत. खांद्यावर बसवून न्यायचात, आणि सुटायच्या वेळेला हातातलं काम टाकून यायचात. सातवीची परीक्षा मी पास झाले तेव्हा जोशी मास्तर आपल्या घरी आले होते. सोलापुरात मुलींसाठी वसतिगृह आहे, हिची राहायची सोय करतो, पुढं मास्तरीण होईल, खुर्चीवर बसून शिकवता येतं, असं ते म्हणाले. लेखी काही नको, फक्त हो म्हणा, म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी काय म्हणाले, आठवतं?

मी म्हणाले, “पुढच्या वर्षी जाते. चालायला लागले की.”

तुम्ही कोपऱ्यात चौथ्या जोडाच्या पट्ट्यांना कानस मारत होता. क्षणभर कानस थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. मास्तर चहा घेऊन गेले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि नंतर तसं विचारायला कुणी आलं नाही.

ती कानस थांबली होती ना, तेवढ्या वेळात तुम्ही बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललात?

चौथा जोड कधी बांधलाच नाही. बांधणार कुठं? तो सरळ होता आणि माझे गुडघे वाकलेले. तुम्ही तो पूर्ण केलात, कडा घासून गुळगुळीत केल्यात, चिंध्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवलात. पुढं पत्रा कापणं बंद झालं. तुम्ही पुन्हा गाड्या, तिफणी, दारं करायला लागलात. पण जर्मन कापून कापून बारीक करवतीचं पातं पार झिजलं होतं, आणि तुम्ही नवी घेतली नाहीत. माणसं दुसऱ्या सुताराकडं जायला लागली. मी हातमशीन शिकले. घरात बोलणं कमी झालं, एवढंच.

तुम्ही एका सकाळी शेजारच्या गावाला गाडीचा आस बसवायला गेलात, आणि दुपारी झाडाखाली टेकलात ते उठलाच नाहीत. आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मला कुणीतरी आत भिंतीशी बसवलं होतं. मला फक्त माणसांचे पाय दिसत होते, दादा. धोतरातले, लुगड्यातले, चिखलाचे. तुम्हाला उचललं ते मला त्या पायांच्या हालचालीवरून कळलं. सगळे पाय एकदम दाराकडं वळले आणि अंगण रिकामं झालं. तुमचं तोंड मी शेवटचं बघितलं ते त्या सकाळी, भाकरी बांधून घेताना.

मग गेल्या पावसाळ्यात माय माळा झाडत होती. चौथा जोड खाली निघाला. मी म्हटलं, हा मी बांधला असता, हाड मोडलं नसतं तर आज चालत असते. माय तिथंच शिडीला धरून उभी राहिली आणि मग खाली येऊन माझ्याजवळ बसली.

“कौसे, डाक्तरनं पैल्या दिवशीच सांगितलं व्हतं. ह्या पायात आता जीव यायचा न्हाय म्हनला. पोरीला शिकवा म्हनला. तुझ्या दादानं माझा हात सोताच्या डोक्यावर ठिवून घेतला, पोरीला कळू द्यायचं न्हाय म्हनून.”

म्हणजे रेवड्या घेतल्यात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. पत्रा खांद्यावर घालून आणलात तेव्हा ठाऊक होतं. मनगट चिरलं तेव्हा, साबण चोळताना, माझा अंगठा हलला तेव्हा, मास्तर आले तेव्हा. सगळं ठाऊक असून तुम्ही कापत राहिलात आणि मी वाट बघत राहिले. दहा वर्षं, दादा! वाट बघणाऱ्या माणसाचं दुसरं कशात लक्ष लागत नाही. मला आधी कळलं असतं तर मी रडले असते, आदळआपट केली असती, आणि मग सोलापूरला गेले असते. आज एखाद्या शाळेत खुर्चीवर बसलेली असते.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलले नाही.

आता परवाचं सांगते. बाजाराचा दिवस होता. तेरणा नदीच्या काठच्या एका गावाहून ही मुक्ताबाई आली. कडेवर पाचेक वर्षांची पोर, छबू नाव. पोरीचे पाय बघितले आणि मला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. मुक्ताबाईनं कुठंतरी ऐकलं होतं की लोहाऱ्याच्या सुतारानं आपल्या पोरीला जर्मलचे पाय करून दिलेत. ते बघायला ती आली होती.

मायनं चौथा जोड काढून दिला. छबूनं एक पट्टी मांडीवर घेतली. बोटानं वाजवून बघितली, नाद आला तशी हसली. आपल्या पायाला लावून बघितली. माझ्या पायांकडं तिनं बघितलंच नव्हतं, मी लुगडं पसरून बसले होते.

मुक्ताबाईनं विचारलं, “ह्यानं चालाया येतं व्हय?”

मायनं सांगितलं त्या दिवसापासून मी मनाशी घोकून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. दुसऱ्या कुणाची दहा वर्षं जाऊ द्यायची नाहीत. मी म्हणाले, “न्हाय. मी एकदा उभी राहिले. चालले कधीच न्हाय. हिचे पाय आता यायचे न्हाईत, बाई. हिला शाळेत घाला.”

बरोबर सांगितलं ना? एक अक्षर खोटं नव्हतं.

मुक्ताबाईनं जोडाची दुसरी पट्टी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, “मग तुमच्या बापानं एवढं केलं ते कशापायी?”

मी पायांवरचं लुगडं सारखं केलं. आणि तेवढ्यात माझं लक्ष छबूकडं गेलं. आम्ही दोघी तिच्या डोक्यावरून बोलत होतो, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. मांडीवरची पट्टी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि अलगद खाली जमिनीवर ठेवली, आवाज होऊ न देता. मग माझ्याकडं बघितलं.

तसं बघणं मी कधी बघितलं नव्हतं, दादा. पाच वर्षांच्या पोरीनं तसं बघू नये. तुम्ही मला खरं सांगितलं असतं तर मी तुमच्याकडं तसंच बघितलं असतं. आणि तुम्हाला त्यानंतर रोज सकाळी उठून माझं ते तोंड बघावं लागलं असतं. ते तुमच्याच्यानं झालं नसतं. म्हणून तुम्ही करवत उचललीत. मुक्ताबाईला हे उत्तर द्यायला पाहिजे होतं, पण ते मला ती गेल्यावर सुचलं.

ती लगेच गेली नाही. चहा घेतला. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, “माझा भाऊ सुतारकी करतो. पत्रा कशानं कापायचा तेवढं सांगा.”

मी म्हटलं, बाई, मी आत्ताच तुम्हाला सांगितलं ना? ती म्हणाली, “ते ऐकलं. आता हे सांगा.”

काय करायला पाहिजे होतं मी? मी सांगितलं. दोन फळ्या, बारीक दात, कपड्याचा साबण, रेटायचं नाही. दोन पदर घेऊन रिबिटा मारा, कडा दुमडू नका, चीर जाते. सगळं सांगितलं, तुम्ही जे जे चुकून शिकलात ते. ती ओठ हलवत पाठ करत होती. माय चुलीकडं तोंड करून बसली होती, तिनं एकदाही मागं बघितलं नाही. निघताना मुक्ताबाईनं नमुन्याला म्हणून चौथा जोड मागितला. मी तो दिला.

छबू कडेवरून मागं वळून बघत गेली, कोपऱ्यापर्यंत.

आता तिकडं कुणीतरी पत्रा शोधत असेल. कापला जाईल, बांधला जाईल, गुडघ्यापाशी वाकेल. मला हे दिसतंय आणि माझ्याच्यानं ते थांबलं नाही. तुमच्याच्यानंही थांबलं नव्हतं. मी तुमच्यापेक्षा शहाणी होईन असं मला वाटलं होतं. नाही झाले. तुम्ही गप्प राहून माझं नुकसान केलंत, मी बोलून त्या पोरीचं केलं. यात बरोबर काय होतं ते आपल्या दोघांनाही कळलं नाही, आणि आता कळून उपयोगही नाही. माझे गुडघे दुखतात, मायला दिसणं कमी झालंय, आणि जोशी मास्तर आता कुठं आहेत कुणाला माहीत.

रुसवा सगळा गेलाय असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. तुम्ही बोलायला पाहिजे होतं, हे मला अजून वाटतं. पण तुमच्याशी बोलणं मी पुन्हा टाकणार नाही.

आणि एक शब्द देते. छबू मोठी होईल. एक दिवस ती कळत्या वयात माझ्या दारात येईल, मला पक्कं माहीत आहे, आणि आपलं आपण विचारील. तेव्हा मी तिला जवळ बसवून सगळं सांगेन, आणि ती जशी बघेल तशी बघू देईन. तोंड फिरवणार नाही. सांगून झालं म्हणून उठून जाणार नाही. उठून जाणं तसंही माझ्या हातात नाही, दादा.

तुमची,
कौसल्या